पान उलटायला हात मोकळा हवा

“बारावी पायरी झाली. आता?” ठकीच्या नवऱ्यानं विचारलं.

“आता पान उलट.”

“कशानं? नाकानं?”

ठकीनं मान वर करून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो दोन्ही हात हवेत धरून बसला होता. दहाच्या दहा बोटांत लाल दोरी ताणलेली, समोर पुस्तकाची छापून काढलेली पानं, आणि पुढच्या पायरीचं चित्र नेमकं पानाच्या मागच्या बाजूला. दोरी सोडावी तर बारा पायऱ्यांची मेहनत वाया, आणि न सोडावी तर पुढे काय करायचं ते कळणार कसं?

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचच्या आत सगळं पुस्तक छापखान्याच्या हाती पडायला हवं होतं.

ठकी म्हणजे कुणी चिमुरडी नव्हे बरं का. चांगली चाळिशी उलटलेली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेली बाई. नाव आत्यानं ठेवलेलं, ते चिकटलं ते चिकटलंच. तिचा धंदा पुस्तकांची पानं लावण्याचा. लेखक लिहून मोकळा होतो, चित्रकार काढून मोकळा होतो, आणि मग कुठला मजकूर कुठल्या पानावर आणि कुठलं चित्र त्याच्या शेजारी, हा संसार ठकीनं करायचा. वीस वर्षांत तिनं गणिताची पुस्तकं लावली होती, पंपदुरुस्तीची लावली होती, पक्ष्यांच्या पिसांवरचा सातशे पानांचा ग्रंथ लावला होता. पण आत्याच्या शहाण्णव पानांनी तिला जेवढं रडवलं, तेवढं कुणीच रडवलं नव्हतं.

आत्याचं पुस्तक होतं दोरीच्या गुंफणींचं. हातभर लांबीचं दोरीचं कडं घ्यायचं, बोटांत अडकवायचं, या बोटावरून उचलायचं, त्या बोटावरून सोडायचं, आणि हात लांब केले की मध्ये चित्र उभं राहतं. होडी, झोपाळा, कात्री, पाण्यावरचा कोळी. आत्यानं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. दोन कॉलच्या मध्ये तिच्या बोटांत दोरी असायचीच. एकूण त्रेचाळीस गुंफणी तिला येत होत्या आणि त्यातली एकही कुठं लिहिलेली नव्हती. शेवटची सगळ्यात अवघड. तिचं नाव ‘सात दारं’.

अशा पुस्तकाचा नियम एकच, पण जीवघेणा. करणाऱ्याचे दोन्ही हात दोरीत अडकलेले असतात, त्याला पान उलटता येत नाही. म्हणून अख्खी गुंफण, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, उघड्या पुस्तकातल्या समोरासमोरच्या दोन पानांवर बसायला हवी. डावं आणि उजवं मिळून एक जोडपान. एका जोडपानावर एक गुंफण.

आता हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? ठकी ज्या प्रोग्रॅमवर काम करायची, तो भलता स्वाभिमानी होता. चित्राला ‘इथे’ बस म्हटलं तर तो त्याला विनंती समजायचा. जागा असली तर बसवायचा, नाहीतर पुढच्या पानाच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. आणि त्याचा शिस्तीचा एक खाक्या होता. एक चित्र अडलं की मागची सगळी चित्रं त्याच्या मागे रांगेत. पुढच्याला ओलांडून कुणी जायचं नाही. पहिल्या दिवशी एक झोपाळा अडला आणि त्याच्यामागे होडीपासून कोळ्यापर्यंत सगळे तुंबून थेट पुस्तकाच्या शेवटी जाऊन बसले. तेव्हा ठकीनं पदर खोचला. प्रत्येक चित्राला तिनं ‘इथेच’ असा हुकूम सोडला, आणि हुकूम पाळता यावा म्हणून शब्द छाटले, ओळी आवळल्या, समास खरवडले. बेचाळीस गुंफणी बेचाळीस जोडपानांवर नेमक्या बसल्या.

तपासणी तिनं आधी स्वतःच केली होती. तीच चूक झाली. लहानपणापासून आत्याच्या मांडीवर बसून शिकलेली पोर ती. पान समोर ठेवून करायला गेली, पण तिची बोटं पानाच्या पुढेच पळत होती. कात्रीतलं चौथं आणि पाचवं चित्र उलटसुलट लागलं होतं, ते तिला तीनदा करूनही दिसलं नाही. नवऱ्याला मात्र पहिल्या झटक्यात दिसलं, कारण त्याला काहीच येत नव्हतं. तेव्हापासून हात आहेत पण ज्ञान नाही, या गुणावर त्याची परीक्षक म्हणून नेमणूक झाली होती. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना संध्याकाळी सहाला उघडायचा, तोवर तो घरात सापडायचा.

“मी अजून हात वर धरून बसलोय,” त्यानं आठवण करून दिली. “खांदे भरून आले.”

“अरे सोड ना मग!”

“सोडू? नक्की? मग पुन्हा एकपासून करायला लावशील.”

“लावणारच आहे.”

खिडकीजवळच्या खुर्चीत आत्या बसली होती. पंच्याहत्तरीची, ताठ कण्याची, केसांचा घट्ट अंबाडा. ती शांतपणे म्हणाली, “जाऊ दे ग ठके. बेचाळीस पुष्कळ झाल्या. ती शेवटची चार पानं कोरी सोड. पोरं त्यावर चित्रं काढतील.”

ठकीला आत्याचा हा सूर चांगला माहीत होता. एक्स्चेंजमध्ये ‘लाइन व्यस्त आहे’ सांगताना ती याच आवाजात बोलत असणार.

कारण खरी गोष्ट अशी होती की सात दारं आत्याला आता येत नव्हती. बोटं अजून चालायची. पण तेराव्या पायरीला मधली दोरी दातांत धरावी लागायची, आणि सहा वर्षांपूर्वी आत्याला कवळी बसली होती. दोरी ताणली की कवळी दोरीबरोबर बाहेर. ती कवळी बसवली होती ठकीच्या नवऱ्यानंच, त्यामुळे आत्याच्या मनात त्याच्याबद्दल एक बारीकशी अढी होती. शेवटच्या सात पायऱ्या तिनं चित्रकाराला फळीवर खिळे ठोकून, त्यांवर दोरी फिरवून दाखवल्या होत्या. म्हणजे सहा वर्षांत जिवंत हातांत सात दारं कुणी पाहिली नव्हती. ही गुंफण आता फक्त आत्याच्या डोक्यात आणि या चार पानांत होती. तिथून निसटली की संपलं, आणि हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“कोरी कशाला सोडू?” ठकी म्हणाली. “बघ तू आता.”

ती कॉम्प्युटरकडे वळली. सात दारांना मुळातच चार पानं दिलेली. ब्याण्णव-त्र्याण्णवचं जोडपान, मग एकदा पान उलटायचं, मग चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. शहाण्णव छापखान्याच्या नावपत्त्याचं. आणखी पान वाढवायची सोय नाही, कारण कागदाच्या एका तावावर सोळा पानं निघतात आणि सहा तावांत पुस्तक पुरं होतं. तेव्हा पान उलटणं अटळ होतं. प्रश्न एवढाच, की कुठे?

बारा चित्रं पहिल्या जोडपानावर चपखल बसत होती, एका पानावर सहा. तेरावं बसत नव्हतं. कारण तेराव्या चित्रात आत्याचा चेहरा होता, अंबाड्यासकट, दातांत दोरी धरलेला. त्याला अर्धं पान लागायचं. प्रोग्रॅम त्याला उचलून चौऱ्याण्णव पानावर टाकायचा, आणि करणारा दहाही बोटं अडकवून या बाजूला बसायचा.

“दातांत धरल्यावर काय होतं?” ठकीनं विचारलं. “डावा हात मोकळा होतो ना, आत्या?”

“होतोच. म्हणून तर दात.”

ठकीनं टाळी वाजवली. “म्हणजे तेरावी पायरी या बाजूला आली की काम फत्ते! डाव्या हातानं पान उलटायचं! आत्या, तुझा चेहरा मी कापतेय हं.”

“काप. तसाही माझ्यासारखा नाही आला. नाक बघ केवढं काढलंय.”

चेहरा गेला. त्र्याण्णव पानाच्या तळाशी एका ओळीची जागा उरली होती, तिथे ठकीनं लिहिलं: ‘मधली दोरी दातांत धरा आणि डावा हात बाहेर काढा.’ पुढच्या पानावर सगळी चित्रं आपसूक वर सरकली. प्रिंटर घरघरला. तीन वाजून चाळीस. ठकीला इतका आनंद झाला की तिनं गरम पान हातात घेऊन खोलीभर एक चक्कर मारली.

“पुन्हा एकपासून?” नवऱ्यानं विचारलं.

“पुन्हा एकपासून.”

बारा पायऱ्यांना त्याला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्याच्या तोंडात सराईतपणे फिरणारे त्याचे हात दोरीत शिरले की घाबरून जायचे. सहावीला करंगळी निसटली, नववीला दोनदा गाठ झाली. आत्या खिडकीजवळून “डावी, डावी, अहो जावईबापू, तुमची डावी!” करत होती आणि ठकी तिला “सांगू नकोस ग, पुस्तकानं सांगायला हवं!” म्हणून दटावत होती.

शेवटी तो तेरावीपाशी पोचला. ओळ वाचली. पुढे वाकून मधली दोरी दातांत धरली, मान मागे घेतली, डावा हात अलगद बाहेर काढला. मोकळा! ठकी उभीच राहिली. त्यानं पान उलटलं. उलटलं की हो!

आणि मग तो तसाच बसला. तोंड छताकडे.

“कर ना पुढची,” ठकी म्हणाली.

“ऊं.”

“चौदावी. समोरच आहे.”

“ऊं ऊं!” त्यानं डोळे खाली वळवायचा प्रयत्न केला. जमेना. दोरी ताठ राहायला मान मागे हवी, आणि मान मागे असली की पान दिसत नाही. मान खाली घेतली की दोरी ढिली. तो बिचारा बुबुळं गरगरा फिरवत होता, आणि काय अडचण आहे तेही सांगू शकत नव्हता, कारण तोंडात दोरी.

आत्याला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून. ती इतकी हसली की तिला कवळी हातानं धरावी लागली. नवऱ्यानं दोरी थुंकली.

“हसा,” तो म्हणाला. “पण डॉक्टर म्हणून सांगतो, हे दातांचं प्रकरण छापूच नये. दुधाचे दात हलत असलेली पोरं दोरी ओढतील आणि दात घेऊन माझ्याकडे येतील. आणि आत्या, तुम्हाला कसं दिसायचं हो पान?”

“मला कशाला दिसायला हवं? मी कुठे पुस्तकातून करत होते? माझी बोटंच बघायची.”

ठकी मटकन खुर्चीत बसली. चार वाजून बारा मिनिटं. आत्याला येत होतं म्हणून आत्याला कळलं नव्हतं, ठकीला आत्याची बोटं बघायची सवय होती म्हणून ठकीला कळलं नव्हतं. दातांची सात दारं ज्याला आधीच येतात त्यालाच येणार. पुस्तकातून ती कुणालाही शिकता येणार नव्हती. तिला एकदम रडूच यायला लागलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“बाई, पानं येतायत ना?” छापखान्याचे मॅनेजर. “पाचनंतर मशीन पाठ्यपुस्तकांना द्यायचंय, मग तीन महिने विसरा.”

“येतायत, येतायत,” ठकी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आत्या अजून डोळे पुसत होती. “काय पण ध्यान दिसत होतं! वर छताकडे बघत,” ती म्हणाली. “दादा असता तर गडाबडा लोळला असता. दादा होता तेव्हा मला दात कुठे लागायचे?”

ठकीनं मान वर केली. “काय म्हणालीस?”

“काय?”

“दादा होता तेव्हा दात लागायचे नाहीत?”

दादा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. ठकीचे बाबा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

“अग, लहानपणी तो समोर बसायचा,” आत्या म्हणाली. “तेराव्याला मी नुसती मान हलवायची, की तो दोन बोटं घालून मधली दोरी धरायचा. शेवटपर्यंत धरून बसायचा. मला मेलीला ती दारं नेहमी उलटीच दिसायची. करणाऱ्याला उलटीच दिसतात. तो समोरून ओरडायचा, ‘उघडली ग, सगळी उघडली!’ मग तो नोकरीला लांब गेला. मग काय करते? घेतली दातांत.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस!”

“त्यात काय सांगायचं? दुसऱ्याची मदत घेऊन केलेली गुंफण खरी नव्हे, असं एक्स्चेंजमधल्या बायका म्हणायच्या. मी एकटीनं करून दाखवली.”

ठकी कॉम्प्युटरकडे वळली होती. तिचे हात आधीच कीबोर्डवर होते. दातांची ओळ तिनं खोडली. त्याच जागी, त्र्याण्णव पानाच्या अगदी तळाशी, तिनं लिहिलं: ‘आता कुणाला तरी हाक मारा. त्यांनी दोन बोटांनी मधली दोरी धरावी. तुमचा डावा हात मोकळा झाला. पान उलटा.’

एका ओळीच्या दोन झाल्या. अक्षर जरासं बारीक केलं, ओळी पानात आल्या. बारा चित्रं जागची हलली नाहीत. ‘इथेच’ म्हणजे इथेच.

“पण आता करून कोण बघणार?” नवरा बोटं चोळत म्हणाला. “माझ्यानं आणखी एकदा होणार नाही. पंचवीस मिनिटं लागतात.”

“मी.”

“तुला तर येतं.”

“ही येत नाही. आत्यानं मला कधी शिकवलीच नाही. म्हणायची, तुझे समोरचे दात पडलेत, पुढच्या वर्षी.” तिनं लाल दोरी उचलली. “आणि पुढच्या वर्षी मला शाळेच्या वसतिगृहात घातलं.”

चार वाजून पंचवीस. ठकीनं पानं समोर मांडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर पुस्तकात बघून दोरी करायला बसली. बोटं पुढे पळू पाहत होती, पण त्यांना रस्ताच माहीत नव्हता. तिला पान बघावंच लागत होतं. एक, दोन, तीन. तिनंच बसवलेलं प्रत्येक चित्र जिथे नजर जाईल तिथे हजर होतं. सात, आठ. दहा, अकरा, बारा. दहाही बोटं अडकली. तिनं तळाची ओळ वाचली. स्वतः लिहिलेली असूनही तिला ती नव्यानं कळली.

“आत्या!” तिनं हाक मारली.

आत्या खुर्चीतून उठली. समोर येऊन बसली. सुरकुतलेली दोन बोटं पुढे आली आणि मधली दोरी अचूक पकडून स्थिर झाली, जणू रोजचंच काम. ठकीनं डावा हात बाहेर काढला आणि पान उलटलं.

चौदा. पंधरा. नवरा वाकून बघत होता. सोळा, सतरा, अठरा. एकोणिसावी पायरी एका शब्दाची होती: ‘ओढा.’

ठकीनं ओढलं. दोरी मध्ये कचकन आवळली आणि थांबली. एक बोचकं झालं.

“फसली,” नवरा हळूच म्हणाला.

“ओढू नकोस!” आत्या ओरडली. “तसंच धर! अग, मी अजून धरून ठेवलंय. दातांत असताना ओढणं आणि सोडणं एकदमच व्हायचं, मी वेगळं सांगितलंच नाही. आधी मी सोडायचं. मग तू ओढायचं.”

“सोड मग.”

आत्यानं बोटं उघडली. ठकीनं हात लांब केले. बोचकं थरथरलं, सैल झालं, आणि एकामागून एक, डावीकडून उजवीकडे, दारं उघडत गेली. नवरा मोठ्यानं मोजत होता. “चार… पाच… सहा… सात! सात आहेत! आत्या, सात!”

फोन वाजायला लागला. पाचला सहा मिनिटं कमी.

“ते वाक्य घाल!” ठकी नवऱ्यावर ओरडली. “माझे हात अडकलेत! पंच्याण्णव पान, ‘ओढा’च्या आधी. ‘आधी त्यांनी सोडावं, मग तुम्ही’ एवढंच. कर ना!”

“मी? आणि चित्रं पळाली म्हणजे?”

“नाही पळणार. इथेच म्हणून सांगितलंय त्यांना.”

त्यानं दोन बोटांनी, दाढ काढण्याच्या काळजीनं, एकेक अक्षर टाइप केलं. पान क्षणभर लुकलुकलं. सात दारांचं मोठं चित्र बोटभर खाली सरकलं आणि त्याच पानावर थांबलं. त्यानं फोन खांद्यात धरला, “पाठवतोय, पाठवतोय,” म्हणाला आणि बटण दाबलं. “गेलं,” तो म्हणाला. “ठके, गेलं! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस!”

“आता सोडू का?” ठकीनं विचारलं. तिचे खांदे खरंच भरून आले होते.

“थांब जरा,” आत्या म्हणाली.

ती दोरीच्या पलीकडे हातभर अंतरावर बसली होती आणि हलत नव्हती. एकेका दारावरून तिची नजर फिरत होती, डावीकडून उजवीकडे आणि परत. ठकीला तिच्या बाजूनं सगळी दारं उलटी दिसत होती आणि त्यांच्यामधून आत्याचा चेहरा.

“साठ वर्षं केली मी ही,” आत्या म्हणाली. “दादाला असं दिसायचं होय.”